चित्र उलटून पाहिल्यावर

तंजावरी चित्र आपण नेहमी समोरून पाहतो. मधोमध लोण्याचा गोळा हाती घेतलेला बाळकृष्ण, भोवती महिरप, महिरपीवर उठावाचे काम, त्यावर सोन्याचा वर्ख आणि लाल-हिरव्या खड्यांची जडण. मराठा राजांच्या काळात या शैलीला जे रूप आले, ते आजच्या चित्रातही सहज ओळखू येते. पण चित्र उलटून पाहिले की वेगळी हकीकत कळते. जुन्या चित्रामागे फणसाच्या लाकडाची फळी असे, फळीवर चिंचोक्याच्या खळीने कापड चिकटवलेले असे आणि कापडावर खडूची पूड व डिंक यांचे लेप घोटून गुळगुळीत केलेले असत. आज बहुतेक ठिकाणी फळीच्या जागी प्लायवूड आले आहे, खळीच्या जागी डब्यातला गोंद आणि घोटून केलेल्या रंगांच्या जागी तयार रंग. प्लायवूड हव्या त्या मापात मिळते, दमट हवेत कमी वाकते आणि फणसाच्या जुन्या लाकडासाठी वखारी धुंडाळाव्या लागत नाहीत. अशा एखाद्या चित्रशाळेत प्रगणक येतो आणि छापील प्रश्न वाचतो: गेल्या तीन वर्षांत तुम्ही नवी किंवा लक्षणीय सुधारलेली उत्पादनपद्धती वापरात आणली का? चित्रकार सांगतो, ‘नाही, आजोबा करायचे तसेच आम्ही करतो.’ तो खोटे बोलत नसतो. गिऱ्हाईक त्याच्याकडे येते ते परंपरेसाठी, आणि त्याच्या स्वतःच्या मनातही आपले काम म्हणजे समोरची बाजू. प्रगणक ‘नाही’च्या चौकटीत खूण करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

अशा हजारो ‘हो’ आणि ‘नाही’ मिळून टक्केवारी तयार होते. त्या टक्केवारीवरून कोणते राज्य पुढे, कोणता उद्योग मागे हे ठरते. कर्जाच्या योजना, सामायिक सुविधा केंद्रे, प्रशिक्षणाचा पैसा कुठे जावा याची चर्चाही तिच्याच आधाराने होते. म्हणून तो आकडा कसा तयार होतो, हा प्रश्न संख्याशास्त्रज्ञांपुरता नाही. माझे म्हणणे असे की विकसनशील देशात उद्योगांमधला नवोपक्रम मोजताना खरी चूक बेरजेत होत नाही, ती प्रश्नातच होते. ‘तुम्ही नवे काही केले का?’ असे विचारून हो-नाही मोजत राहिलो, तर लोक नवेपणाबद्दल काय समजतात तेवढेच हाती लागते. ‘काय बदलले, आधी कसे होते, कोणाकडून शिकलात?’ असे विचारले, तर प्रत्यक्ष काय घडले ते कळण्याची शक्यता असते.

या मोजणीचा उगम श्रीमंत देशांत आहे. १९६३ साली ओईसीडी या संघटनेच्या तज्ज्ञांनी इटलीतल्या फ्रास्काती गावी जमून संशोधनावरचा खर्च कसा मोजायचा याचे नियम ठरवले. पण संशोधनावर किती खर्च झाला यावरून बाजारात काय आले हे कळत नाही. म्हणून १९९२ मध्ये नवोपक्रम मोजण्याचे ‘ओस्लो मॅन्युअल’ निघाले आणि त्याच्या आधाराने युरोपात कंपन्यांना थेट विचारणा सुरू झाली. २००५च्या आवृत्तीत विकसनशील देशांसाठी स्वतंत्र परिशिष्ट होते. २०१८च्या चौथ्या आवृत्तीतली व्याख्या साधी आहे: संस्थेच्या आधीच्या वस्तूंपेक्षा किंवा पद्धतींपेक्षा लक्षणीय वेगळी असलेली आणि प्रत्यक्ष वापरात आलेली, अथवा गिऱ्हाइकासमोर ठेवलेली, नवी वा सुधारलेली वस्तू किंवा पद्धती. म्हणजे डोक्यातली कल्पना धरायची नाही, अमलात आलेली गोष्ट धरायची. दुसरे महत्त्वाचे कलम असे की ती जगात नवी असण्याची गरज नाही. त्या संस्थेपुरती नवी, त्या बाजारात नवी आणि जगात नवी, अशा तीन पायऱ्या आहेत आणि पहिली पायरीही मोजणीत धरली जाते. या व्याख्येप्रमाणे चित्रकाराने ज्या वर्षी फळी सोडून प्लायवूड घेतले, त्या वर्षी त्याने नवोपक्रम केला. व्याख्या पुरेशी उदार आहे. अडचण येते ती व्याख्येचा प्रश्न करून तो माणसाच्या कानावर घालताना.

भारतात विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने पहिली राष्ट्रीय नवोपक्रम पाहणी २०११ मध्ये केली. त्यानंतर २०२१-२२ साली त्याच विभागाने युनिडो या संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक संस्थेबरोबर फक्त उत्पादन-क्षेत्राची पाहणी केली. तिच्यात आठ हजारांवर उद्योगसंस्थांची माहिती आहे आणि त्यांतल्या सुमारे २५ टक्के संस्था नवोपक्रमी ठरल्या. नवोपक्रम करणाऱ्या संस्थांचे प्रमाण तेलंगणात सर्वांत जास्त, ४६.१८ टक्के, कर्नाटकात ३९.१० आणि तमिळनाडूत ३१.९०. तळाला ओडिशा १२.७८, बिहार १३.४७ आणि झारखंड १३.७१. आता गंमत पाहा: याच पाहणीत अनेक घटक एकत्र करून जो निर्देशांक काढला, त्यात पहिला क्रमांक कर्नाटकाला मिळाला आणि तेलंगण तिसऱ्या स्थानी गेले. माहिती तीच, संस्था त्याच, पण किती जण करतात हे मोजले की एक क्रम लागतो आणि करण्याची ताकद किती हे मोजले की दुसरा. यात कोणी चूक केलेली नाही. ‘सर्वांत नवोपक्रमी राज्य कोणते?’ या प्रश्नाला एकच उत्तर असते, हे आपणच गृहीत धरलेले असते. २०११च्या पाहणीतले प्रमाण यापेक्षा बरेच जास्त होते, म्हणून दहा वर्षांत आपले उद्योग सुस्तावले असा निष्कर्ष काढणेही असेच घाईचे. नमुना वेगळा, व्याप्ती वेगळी, प्रश्नांची मांडणी वेगळी. दोन वेगळ्या मापांनी मोजलेले धान्य एकाच खात्यात धरता येत नाही.

तंजावरसारख्या गावात प्रश्नाचा शब्दच आडवा येतो. इंग्रजी प्रश्नावलीतल्या शब्दाला तमिळमध्ये ‘पुदुमै’ म्हणावे, तर त्यात नवलाईची, अपूर्वाईची छटा आहे. मराठीत ‘नवोपक्रम’ म्हणावे, ‘नवप्रवर्तन’ म्हणावे की सरकारी फलकावरचे ‘नाविन्यता’, कोणताही शब्द घेतला तरी कारखानदाराला वाटते की आपल्याकडून काहीतरी मोठे, शोधासारखे अपेक्षित आहे. त्यामुळे उत्तर देताना माणूस घडलेली गोष्ट आठवत नाही. त्या शब्दाने आपली शोभा वाढेल की कमी होईल, याचा अंदाज घेतो. ज्याचा धंदा परंपरेच्या नावावर चालतो, त्याला ‘आम्ही पद्धत बदलली’ हे कबूल करणे जड जाते. ज्याला अनुदान किंवा पुरस्कार हवा असतो, त्याला छोटासा बदलही ‘नवोपक्रम’ म्हणून सांगावासा वाटतो. एकाच्या बाबतीत आकडा खाली ओढला जातो आणि दुसऱ्याच्या बाबतीत वर. या दोन चुका एकमेकींना खोडून काढतात असेही नाही, कारण त्या वेगवेगळ्या धंद्यांत होतात. पहिली हस्तव्यवसायांत, दुसरी योजनांच्या जवळ असलेल्या उद्योगांत. भौगोलिक मानांकनाने पहिली चूक आणखी पक्की होते. तंजावर जिल्ह्यात असे मानांकन मिळालेल्या वस्तू पुष्कळ आहेत: तंजावरी चित्र, आर्ट प्लेट म्हणून ओळखली जाणारी धातूची ताटे, मान डोलावणारी बाहुली, तंजावरची वीणा, स्वामिमलैच्या ओतीव मूर्ती. मानांकनाच्या कागदपत्रात वस्तू कशी करतात ते नोंदलेले असते. खोट्या मालापासून कारागिराचे रक्षण व्हावे म्हणून ते आवश्यकही आहे. पण एकदा पद्धत कागदावर उतरली की ती बदलल्याचे परक्या माणसाजवळ बोलायला कोण धजेल?

हे अनुमान केवळ तंजावरपुरते नाही. जागतिक बँकेतले अर्थतज्ज्ञ झेवियर सिरेरा आणि सिल्विया मुझी यांनी विकसनशील देशांतल्या उद्योगांवर नेमके हेच तपासणारा प्रयोग केला. सर्वसाधारण पाहणीत नवोपक्रमावर दोन-चार प्रश्न विचारून मिळालेली उत्तरे आणि त्यांच्यापुढे सविस्तर, स्वतंत्र प्रश्नावलीतून मिळालेली उत्तरे, अशी तुलना त्यांनी मांडली. प्रश्नाची लांबी, क्रम आणि शब्द बदलले की प्रमाणही बदलते, हे त्यात स्पष्ट दिसले. ‘काय केलेत ते सांगा’ असे विचारून वर्णन लिहून घेतले की काही ‘हो’ गळून पडतात, कारण वर्णनात नवे काहीच नसते. काही बदल भलत्याच रकान्यात गेलेले आढळतात. वस्तूतला बदल लोकांना बऱ्यापैकी ओळखता येतो. पद्धतीतला, विक्रीतला आणि व्यवस्थेतला बदल ते एकमेकांत मिसळतात. दुकानदाराने नवा संगणक घेतला की तो उत्पादनपद्धतीत टाकायचा की हिशेबात, हे त्यालाही सांगता येत नाही आणि प्रगणकालाही. याच कारणाने २०१८च्या ओस्लो मॅन्युअलने चार प्रकारांची जुनी विभागणी सोडून वस्तू आणि व्यवसायपद्धती असे दोनच प्रकार ठेवले, ते मला योग्य वाटते.

वर्णनाने काय उलगडते ते पाहायचे तर कावेरीच्या खोऱ्यातली भातगिरणी घ्यावी. तिथे कुरुवै भाताची कापणी होते ती साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे ईशान्य मोसमी पाऊस तोंडावर आलेला असताना. ओला भात ढिगात तापतो, त्याला मोड येतात, दाणा काळवंडतो. त्यातून या भागाला उकडा तांदूळ लागतो. जुन्या पद्धतीत भात सिमेंटच्या टाक्यांत एक ते तीन दिवस थंड पाण्यात भिजत पडे, आंबे, आणि शिजवलेल्या भातालाही त्याचा वास येई. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पाणी सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेच भिजवणे तीन-चार तासांवर आणले. १९६७ साली त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यात, तिरुवारूरच्या आधुनिक भातगिरणीच्या आवारात एक छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. तीच पुढे भात-प्रक्रिया संशोधन केंद्र झाली, तंजावरला आली आणि नावे बदलत २०२१ पासून राष्ट्रीय महत्त्वाची संस्था, निफ्टेम-तंजावर, म्हणून ओळखली जाते. या केंद्राने वाफेच्या दाबाखाली भात उकडण्याची पद्धत पुढे आणली. आता एखाद्या गिरणीमालकाने ही पद्धत घेतली, जुन्या हलरच्या जागी रबरी रुळांचे यंत्र बसवले, भात वाळवायला यांत्रिक ड्रायर घेतला आणि शेवटी कॅमेऱ्याने काळा दाणा ओळखून हवेच्या झोताने उडवणारा कलर सॉर्टर लावला, तर त्याने एक नवोपक्रम केला की चार? त्याचा स्वतःचा शोध यात एकही नाही. पण भट्टीला तूस किती लागेल, कोणत्या जातीचा भात किती वेळ भिजवायचा, गरम पाण्याचे नळ कुठून न्यायचे, हे त्याने आणि त्याच्या मिस्त्रीने महिनोन्‌महिने चुकत-शिकत बसवलेले असते. हो-नाहीच्या चौकटीत कलर सॉर्टर दिसतो, कारण त्याचे बिल असते. मिस्त्रीची करामत दिसत नाही. आणि तांदळाचा भाव ठरतो तो दोन्हींमुळे.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. दुसऱ्याचे यंत्र विकत आणणे, शेजाऱ्याची पद्धत उचलणे याला नवोपक्रम म्हटले, तर त्या शब्दाला अर्थ काय राहिला? नक्कल आणि निर्मिती एकाच तराजूत टाकली, तर खरे संशोधन करणाऱ्यावर अन्याय होत नाही का? हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. निर्मितीचा मान वेगळा असायलाच हवा, आणि तीन पायऱ्यांची नोंद ठेवली तर तो वेगळा राहतोही. पण अंगीकार मोजायचाच नाही असे ठरवले, तर आपल्या देशात उत्पादकता जिथून वाढते तो रस्ताच नकाशातून पुसला जाईल. याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि गुजरातच्या हद्दीतले उंबरगाव इथल्या कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांच्या २८ कारखान्यांत एक प्रयोग केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. काही कारखान्यांना सल्लागारांनी महिनोन्‌महिने मदत केली. कशात, तर सुताच्या साठ्यावर चिठ्ठ्या लावून नोंद ठेवणे, कापडातला दोष कोणत्या मागावर आणि कधी आला ते रोज लिहिणे, हत्यारे ठरलेल्या जागी ठेवणे, माग बंद पडायच्या आत त्याची देखभाल करणे. जगात यात नवे काहीच नव्हते. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मालकांना विचारले की आधी का केले नाही, तर अनेकांना या गोष्टींचा उपयोग होईल असेच वाटत नव्हते. सुमारे नऊ वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा घेतलेल्या सवयींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या, तरी मदत न मिळालेल्या कारखान्यांपेक्षा हे कारखाने पुढेच होते. आपल्या पाहण्या फक्त ‘सुरू केले का?’ हे विचारतात, ‘टिकले का?’ हे विचारत नाहीत. सुटलेल्या सवयीची नोंद कुठेच नसते, म्हणून हा शेवटचा तपशील मला फार मोलाचा वाटतो.

नक्कल आणि निर्मिती यांच्यामधली जागा किती मोठी असते याचे उदाहरण तंजावरच्या मराठी इतिहासातही आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरला देवनागरीचा छापखाना उभारला आणि १८०६ साली त्यातून इसापाच्या गोष्टींचे मराठी रूप, ‘बालबोध मुक्तावली’, छापून निघाले. युरोपात छपाईला साडेतीनशे वर्षे होऊन गेली होती. जगाच्या पायरीवर सरफोजींनी नवे काही केले नाही. पण देवनागरीचे खिळे, त्यातली जोडाक्षरे आणि काना-मात्रा बसवणे, ते जुळवणारे हात तयार करणे आणि दक्षिणेत, तमिळ मुलखाच्या मध्यभागी मराठी मुलांच्या हाती छापील गोष्टी देणे, हे त्या ठिकाणी पूर्णपणे नवे होते. हे मोजायला नकार देणारे माप मराठी छपाईच्या इतिहासाचेही मोल करू शकणार नाही.

दुसरा आक्षेप असा की एवढी विचारपूस कशाला, पेटंट मोजा, संशोधनावरचा खर्च मोजा. ते आकडे कागदावर असतात आणि त्यात कोणाच्या मताचा प्रश्न येत नाही. याला उत्तर देणे सोपे आहे. भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्क्याच्या आसपास आहे आणि त्याचा मोठा वाटा सरकारी संस्थांचा आहे. वीणा करणाऱ्याच्या घरात संशोधन नावाचे खाते नसते. पेटंटने आपल्याला औषध कंपन्या आणि वाहन-उद्योग दिसतील, आणि ते दिसायलाही हवेत, पण कुंभकोणम-तंजावर रस्त्यावरचे जवळपास काहीच दिसणार नाही.

आकाराचा प्रश्न मात्र एवढ्या लवकर सुटणारा नाही. ओस्लो मॅन्युअल साधारण दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या संस्थांपासून मोजायला सांगते. आपली वार्षिक उद्योग पाहणीही वीज वापरणारे दहा किंवा वीज न वापरणारे वीस कामगारांचे कारखाने घेते. त्याखाली काय आहे ते असंघटित आस्थापनांच्या वार्षिक पाहणीत दिसते. २०२३-२४ मध्ये शेती सोडून अशा ७.३४ कोटी आस्थापना होत्या आणि त्यांत १२.०६ कोटी माणसे काम करत होती. म्हणजे एका आस्थापनेमागे दोनही माणसे नाहीत. तंजावरची बाहुली इथेच तयार होते. तिचे घागऱ्यासारखे खालचे अंग, धड आणि डोके वेगवेगळे करून तारेवर असे तोलतात की वाऱ्याच्या झुळकीनेही ती मान हलवते. कागदाच्या लगद्याऐवजी प्लॅस्टिक घेतले की तोल बदलतो, वजन कुठे वाढवायचे ते नव्याने बसवावे लागते. हे गणित ज्या घरात सुटते ते घर दहा माणसांच्या रेषेच्या कितीतरी खाली असते आणि नवोपक्रमाच्या पाहणीला ते माहीतही नसते. स्वामिमलैला अडचण आणखी वेगळी. तिथे मेणाची मूर्ती घडवून तिच्यावर कावेरीकाठच्या गाळाच्या मातीचे लेप देतात, तापवून मेण काढून टाकतात आणि पोकळीत धातू ओततात. हाताच्या भात्याऐवजी विजेचा झोत घ्यावा, घासायला विजेचे यंत्र वापरावे, मेणात राळ किती मिसळावी, अशा गोष्टी एका स्थपतीच्या कार्यशाळेतून दुसऱ्याच्या कार्यशाळेत जातात त्या नात्यागोत्यातून आणि हाताखाली शिकलेल्या मुलांमधून. बदल कोणी केला? प्रश्नावली म्हणते, संस्थेने. प्रत्यक्षात तो गल्लीने केलेला असतो. म्हणून माझ्या मते अशा ठिकाणी एका दुकानाचे उत्तर घेण्याबरोबरच गल्लीची स्वतंत्र नोंद घ्यायला हवी: ही पद्धत पहिल्यांदा कुठे आली, किती वर्षांत किती घरांनी घेतली, कोणी घेतली नाही आणि का.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. वर्णने लिहून घ्यायला वेळ लागतो, पैसा लागतो. ती वाचून ठरवणारा माणूस आपली मते त्यात घालणार. आणि प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने विचारले तर देशा-देशांची तुलना बुडाली. यातले पहिले दोन मुद्दे खरे आहेत. तिसऱ्याला उपाय आहे. ओस्लोचे मूळ प्रश्न जसेच्या तसे ठेवावेत, म्हणजे तुलना टिकते. त्याच पाहणीतल्या दर दहा संस्थांमागे एका संस्थेत सविस्तर जावे आणि गेल्या तीन वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा एकच बदल घेऊन त्याची पूर्ण हकीकत लिहून घ्यावी. एकाच नवोपक्रमावर लक्ष ठेवण्याची ही पद्धत मॅन्युअलच्या चौथ्या आवृत्तीनेही सुचवली आहे. दोन माणसांनी एकमेकांना न विचारता ती हकीकत वाचून निर्णय द्यावा. ते जितक्या वेळा सहमत होतील, तितका तो निर्णय विश्वासाचा. मग वरच्या हो-नाहीच्या आकड्यात किती भेसळ आहे ते कळते आणि तो दुरुस्त करता येतो. खर्चाचे म्हणाल तर आज जो आकडा आपण वापरतो त्याचीही मर्यादा पाहावी. आठ हजार संस्थांच्या नमुन्यात २५ टक्के आले, तर देशासाठी नमुन्यामुळे होणारी चूक साधारण एका टक्क्याच्या इकडे-तिकडे राहते. पण एखाद्या जिल्ह्याच्या वाट्याला त्यातल्या शंभर संस्था आल्या, तर तेच २५ टक्के साडेसोळा ते साडेतेहतीस यांच्यामध्ये कुठेही असू शकतात. अशा आकड्यावर जिल्ह्याची योजना बेतणे धोक्याचे आहे. तीस गिरण्यांच्या नीट लिहिलेल्या हकीकती तिथे जास्त उपयोगी पडतील, कारण त्या टक्केवारी देत नसल्या तरी पैसा कुठे अडला, कोणाकडून शिकले, काय टिकले आणि काय सुटले हे सांगतात. राष्ट्रीय पाहणीत उद्योजकांनी अडथळे सांगितले ते मुख्यतः पैशाचे: स्वतःजवळ भांडवल नाही, नवोपक्रमाचा खर्च जास्त, बाहेरून कर्ज मिळत नाही. त्यांचे म्हणणे खरेच असेल. पण तारापूरच्या मालकांना पैशाची नड नव्हती, तिथे अडला होता तो विश्वास. हा अडथळा मालकाला स्वतःलाच जाणवत नसेल, तर तो यादीतून निवडून त्यावर खूण कशी करणार?

असंघटित आस्थापनांची पाहणी दर वर्षी होतेच, आणि आस्थापना इंटरनेट वापरते का हा प्रश्न तीत आधीपासून आहे. त्यापुढे तीन प्रश्न बसवता येतील: गेल्या तीन वर्षांत कच्चा माल, हत्यार किंवा विकण्याची पद्धत यांपैकी काय बदलले, ते कोणाचे पाहून घेतले, आज ते चालू आहे की सोडले. यात ‘नवे’ हा शब्द नाही, त्यामुळे चित्रकाराला अवघडल्यासारखे होणार नाही. तो प्लायवूडचे नाव घेईल, कोणत्या वखारीतून आणतो ते सांगेल, कदाचित ऑनलाइन विक्रीसाठी चित्रांची मापे लहान केल्याचेही सांगेल. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आणि तमिळ विद्यापीठात मराठा दरबाराची मोडी कागदपत्रे आहेत. दरबारात कोणते सामान आले, कशावर काय खर्च झाला, कोणाला काय दिले, याच्या नोंदी त्यांत कारकुनांनी ओळीने लिहिल्या आहेत. त्या कारकुनांपुढे नवोपक्रमाचा रकाना नव्हता. आज दोनशे वर्षांनी कोणाला सरफोजींच्या तंजावरात काय बदलले हे शोधायचे असेल, तर तो अभ्यासक मोडी शिकून त्याच नोंदी वाचायला बसतो.